एक ते चारची ड्युटी

चावी त्या खिळ्याला आहे. मी नाही कुठे म्हणतोय? तुम्हा दोघांना नदीने थेट समुद्रापर्यंत जायचंय, जा की. लग्नाला चार महिने झालेत, अंगात रग आहे, हौसेला मोल नसतं. आणि मामाच्या शेडमागे चांगली बोट तीन वर्षं ठोकळ्यांवर उभी आहे, ती आयती मिळाली तर कुणाला नको? पण दहा मिनिटं बसा. जावईबापू, ते दार जरा लोटून घ्या, वारा येतोय. आणि चहा निवायच्या आत प्या.

ती बोट मी विकत का नाही, मोडीत का काढत नाही, हे तुझी आई मला दरवर्षी विचारते. मी तिला उडवून लावतो. तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही तिच्यात झोपणार आहात.

मी स्वतः तिथे नव्हतो हं. ज्याच्यावर बेतलं त्याने मला सांगितलं, जावईबापू बसलेत त्याच स्टुलावर बसून. माझा दोस्त, घड्याळजी. पोरी, तुला आठवत असेल, बाजाराच्या कोपऱ्यावर जिन्याखाली त्याचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून अडतीस वर्षं एकाच खुर्चीत बसला. कुणी म्हटलं, साधारण पाच वाजले असतील, तर हा मान वर न करता सांगायचा, चार अठ्ठावन्न. अशा माणसाला थाप मारायला जमतच नाही. थापेला थोडा ढिलेपणा लागतो, तो याच्यात नावाला नव्हता.

तर तो एके दिवशी माझ्याकडे आला तो एका बोल्टसाठी. गंजका बोल्ट कागदात गुंडाळलेला, कागदावर माप लिहिलेलं. मी विचारलं, "अरे, एवढा बोल्ट कुठल्या घड्याळात बसतो?" तर म्हणतो, "बोट घेतलीय." मी हसून हसून खाली बसलो. ज्याने आयुष्यात बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी पाहिलं नाही, तो बोट घेतो! पण त्याचं सगळं ठरलेलं होतं. दुकान पुतण्याला देऊन टाकायचं, आणि नवरा-बायकोने नदीने निघायचं. चाळीस दिवस.

त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. एकतीस वर्षं रात्रपाळी. त्या सकाळी आठला घरी यायच्या, हा नऊला दुकान उघडायचा. संध्याकाळी हा घरी पोचायचा तेव्हा वहिनींची पिशवी खांद्याला असायची. दारात भेट, दारातच निरोप. त्यांचा संसार म्हणजे किल्ली या हातातून त्या हातात. तो मला म्हणाला, "मिस्त्री, चौतीस वर्षं झाली लग्नाला, पण मी झोपलो तेव्हा ती जागी आणि ती झोपली तेव्हा मी जागा. आता एकदा तरी दोघांनी बरोबर जागं राहायचंय आणि बरोबर झोपायचंय. बाकी मला काही नको."

आता यावर काय हसणार? मी बोट नीट करून दिली. तळाला डांबर दिलं, इंजिन खोललं. तेच ते हँडल मारून चालू होणारं जुनं इंजिन, अजूनही आत आहे.

बोट आतून तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. छोटीशी केबिन. उजवीकडे एक फळी झोपायला, डावीकडे एक, मधे माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच वाट. केबिनच्या मागच्या टोकाला इंजिनाची पेटी. तिच्याशेजारून दोन पायऱ्या चढल्या की उघड्यावर सुकाणूची जागा. मधे ताडपत्रीचा पडदा. सुकाणूचा दांडा धरणारा बाहेर, झोपणारा आत, एकाला दुसरा दिसत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी नकाशा पसरून बसलो होतो. म्हटलं, रोज संध्याकाळी काठाला लागा, नांगर टाका, निवांत झोपा. फक्त एका ठिकाणी ते जमणार नाही. सोळाव्या दिवशी मोठा जलाशय लागेल. तिथे पाणी इतकं खोल की नांगर तळाला पोचत नाही, आणि काठाला सगळी दलदल. तो पार करायला तीन दिवस आणि तीन रात्री बोट चालती ठेवावी लागते. शेवटी डाव्या हाताला कालव्याचं तोंड आहे, दोन लाल दिवे दिसतील, तिकडे वळायचं. सरळ गेलात तर बंधारा. पाणी त्याच्यावरून पडतं. खाली चाळीस फुटांवर नुसता खडक.

वहिनी म्हणाल्या, "मग रात्री कसं करायचं?"

आणि मी मूर्ख! मी म्हणालो, "तुम्हाला काय सांगायचं वहिनी? इस्पितळात करत होता तसंच करा. ड्युट्या लावा."

तेव्हा सगळे हसलो. ही अक्कल माझी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, कारण मला त्याचं वाईट वाटतं. दोघांना एकत्र राहायचं होतं, आणि मीच पुन्हा त्यांची पाळी वेगळी करून दिली.

वहिनींनी ते अगदी मनावर घेतलं. तीन-तीन तासांची ड्युटी. सात ते दहा घड्याळजी, दहा ते एक वहिनी, एक ते चार घड्याळजी, चार ते सात वहिनी. केबिनमध्ये गजराचं घड्याळ. गजर झाला की झोपलेल्याने उठून वर जायचं. बाहेर दिवा लावायचा नाही, कारण दिवा लावला की पलीकडचं पाणी दिसत नाही. गप्पा मारायच्या नाहीत, झोप मोडते. येणाऱ्याने डाव्या बाजूला मागे उभं राहायचं. जाणाऱ्याने म्हणायचं, "ताबा दिला." येणाऱ्याने म्हणायचं, "घेतला." वॉर्डात असंच चालायचं. 'घेतला' ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि वेळ झाल्याशिवाय तर नाहीच नाही.

आणखी एक त्यांची सवय होती. ताबा दिला की मागे वळून पाहायचं नाही. म्हणायच्या, "वळून पाहिलं की कुणीतरी हाक मारतं, मग तासभर घरी जाता येत नाही." एकतीस वर्षांत त्यांनी ताबा देताना समोरच्याचं तोंड कधी पाहिलं नसेल. आवाज ऐकायचा आणि चालू लागायचं.

निघाले. पंधरा दिवस उत्तम गेले. घड्याळजी मला मधून मधून फोन करायचा. "आज अकरा तास झोपलो, दोघंही." या वयात माणूस इतका खूष झालेला मी पाहिला नव्हता.

मग जलाशय लागला. पहिल्या दोन रात्री ठीक गेल्या. तिसरी रात्र नोव्हेंबरची सात तारीख, गुरुवार. म्हणजे बारानंतर शुक्रवारच. चंद्र नाही. वारा नाही. इंजिनाचा एकसुरी आवाज. दोन रात्रींचं जागरण, साठीतली माणसं. वहिनी दांड्यावर होत्या. घड्याळजी आत झोपलेला. तो घोरतो हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. दोन लांब, एक तुटका, मग शीळ. वहिनी म्हणायच्या, रात्रपाळीचा मला एवढाच फायदा झाला.

तर वहिनी दांडा धरून बसल्यात. डोळे मिटायला लागलेत. मागे पायरी वाजली. मग दुसरी. डाव्या बाजूला मागे कुणी येऊन उभं राहिलं. वहिनींच्या जिवात जीव आला. समोर बघतच त्या म्हणाल्या,

"ताबा दिला."

"घेतला."

आवाज जरा घोगरा होता, झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. दांडा देताना बोटाला बोट लागलं. बर्फ. वहिनी पुटपुटल्या, "अहो, स्वेटर घाला ना." उत्तर आलं नाही. गप्पा मारायच्या नाहीत हा नियम त्यांचाच. त्या पडदा सारून खाली उतरल्या, वळून न पाहता. अंधारातच डावीकडच्या फळीवर आडव्या झाल्या. पांघरूण ओढलं. डोळे मिटले.

आणि उजवीकडच्या फळीवरून घोरणं ऐकू आलं.

दोन लांब. एक तुटका. मग शीळ.

काय पोरी? सरक जवळ, सरक. जावईबापू, तुम्ही पण सरका, लाजताय कशाला.

वहिनींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात लांब केला. मधली वाट केवढी, हातभर. हाताला नवऱ्याचा दंड लागला. गरम. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्याचे काटे अंधारात चमकायचे. एकला दहा कमी होते. गजर अजून व्हायचाच होता. वहिनी नंतर मला म्हणाल्या, "भावोजी, एकतीस वर्षांत बदली माणूस दहा मिनिटं आधी कधी आला नाही हो. तेव्हाच मला कळायला हवं होतं." हे त्या हसून म्हणाल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

त्यांची दातखीळ बसली. ओरडता येईना, हलता येईना. इंजिन चालू होतं. बोट व्यवस्थित चालली होती. मधेच किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. सरावाचा हात असावा तशी.

दहा मिनिटं त्या तशाच पडून राहिल्या.

एकला गजर झाला. घड्याळजी उठून बसला, चाचपडत चष्मा शोधला, टॉर्च लावली, आणि त्याला समोरच्या फळीवर बायको दिसली.

"अगं, तू खाली? दांडा कुणाकडे आहे?"

वहिनींनी नुसतं बोट वर केलं.

"कुणाकडे?"

"मी दिला... कुणीतरी घेतला."

त्याला वाटलं, बायकोला झोपेत स्वप्न पडलं आणि दांडा मोकळा आहे. तो टॉर्च घेऊन धावला. पडदा सारला. सुकाणूच्या जागेवर कुणी नव्हतं. पण दांडा मोकळा नव्हता. मोकळा दांडा हेलकावतो. हा कुणीतरी धरलेला होता. जरासा ओढला जायचा, थांबायचा, परत यायचा. त्याने दोन्ही हातांनी धरून खेचला. तसूभर हलला नाही. पाय रोवून पुन्हा खेचला.

तेव्हा त्याच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणी बोललं.

"अजून वेळ झाली नाही."

टॉर्च पाण्यात गेली. तो खाली कसा आला हे त्याला आठवत नाही. म्हणाला, "मिस्त्री, पायऱ्या दोनच आहेत, पण मी किती उतरलो कोण जाणे."

आता तुम्ही म्हणाल, इंजिन बंद करायचं. मीही तेच विचारलं. त्याने केलं ते. इंजिन पेटीत आहे, केबिनच्या आतून हात पोचतो. त्याने डिझेलचा कॉक फिरवला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

बोटीचा वेग कमी झाला नाही.

आधी तेवढाच राहिला, मग वाढत गेला. बाजूने पाणी तसंच कापलं जात होतं, सळसळ... सळसळ... आणि इंजिनाचा आवाज गेल्यावर दुसरा एक आवाज ऐकू आला. लांबून. एकसारखा. दोघांनाही कळायला वेळ लागला नाही. ते पाणी पडत होतं.

बंधारा पहाटे पाचच्या पुढे यायचा होता. त्याने मनातल्या मनात आकडेमोड केली, तेवढं त्याला येतंच. दर पाच मिनिटांनी कान देऊन ऐकलं. दोन वाजता म्हणाला, "तीनच्या आत आपण तिथे असू."

वहिनींना पोहता येत नव्हतं. येत असतं तरी उपयोग काय? सगळं पाणी तिकडेच ओढलं जात होतं. दोघं अंधारात एकमेकांचा हात धरून बसले. घड्याळजी मला म्हणाला, "मी मरेन याचं मला काही नव्हतं रे. पण हिला मी घेऊन आलो होतो. हिने एकतीस वर्षं दुसऱ्यांची माणसं रात्रभर सांभाळली, आणि मी हिला इथे आणून..."  मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

वहिनी मात्र तेवढ्यात सावरल्या. शेवटी मेट्रनच ती. कुजबुजत म्हणाल्या, "काय म्हणाला तो तुम्हाला?"

"अजून वेळ झाली नाही."

"म्हणजे वेळ झाली की देईल. चारला देईल."

"चारपर्यंत आपण उरणार नाही."

वहिनींनी गजराच्या घड्याळाकडे पाहिलं. नंतर म्हणाल्या, "अहो... त्याच्याकडे घड्याळ कुठाय?"

त्याला कळलं. आणि गंमत बघा, तशा वेळीही त्याचा हात पुढे होईना. आयुष्यात त्याने एकही घड्याळ जाणूनबुजून चुकीचं लावलं नव्हतं. गिऱ्हाइकं सांगायची, पाच मिनिटं पुढे ठेवा, म्हणजे ऑफिसला उशीर होत नाही. हा साफ नाही म्हणायचा. म्हणायचा, "वेळेशी लबाडी करू नये, ती वसूल करते."

दोन पस्तीस झाले होते. मनगटावर बरोबर वेळ होती. त्याने गजराचं घड्याळ मांडीवर घेतलं आणि मागची कळ फिरवायला सुरुवात केली. तीन... सव्वातीन... साडेतीन... काटे चारच्या अगदी जवळ आणून ठेवले. गजर चारवर आणला.

"मी जातो वर," तो म्हणाला.

"चारची ड्युटी माझी आहे. तुम्ही गेलात तर देणार नाही तो."

"अगं, पण..."

"तुम्ही इंजिन बघा. मी दांडा घेतला की लगेच चालू करा. आणि बोलू नका आता."

त्या उठल्या. पदर खोचला. गजर वाजायला लागला.

पडदा सारून वहिनी वर गेल्या. डाव्या बाजूला मागे उभ्या राहिल्या. समोर सगळा अंधार, आणि त्या अंधारात एक पांढरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बंधाऱ्यावरचा फेस. खाली गजर वाजत होता. वाजून वाजून तो दमला. थांबला.

कुणी काही बोललं नाही.

वहिनी उभ्याच.

रेघ रुंद होत होती.

...

"ताबा दिला."

"घेतला," वहिनी म्हणाल्या.

दांडा हातात आला. साधा लाकडी दांडा, हलका. त्यांनी सगळा भार देऊन तो एका बाजूला रेटला आणि ओरडल्या, "अहो, इंजिन!"

घड्याळजी पेटीपाशी वाकला होता, हँडल हातात. पायऱ्यांच्या अगदी पायाशी. आता ड्युटी संपवून आलेला माणूस कुठे जातो, ते सांगा बघू.

खाली जातो. झोपायला.

वरची पायरी वाजली.

खालची वाजली.

घड्याळजीने अंग चोरून घेतलं. मधली वाट केवढी, मी सांगितलंय तुम्हाला. त्याच्या पाठीला घासून काहीतरी गेलं. गार. ओलं नव्हतं, नुसतं गार. मग उजवीकडची फळी करकरली. ती याची स्वतःची फळी. पांघरूण ओढल्याचा आवाज आला. कूस बदलली.

त्याने हँडल मारलं. इंजिन लागलं नाही.

पुन्हा मारलं. नाही.

आणि त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, घोरणं सुरू झालं.

दोन लांब. एक तुटका. मग शीळ.

तो म्हणाला, "मिस्त्री, माणसाला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही. मला आलं."

वहिनींनाही वर ते ऐकू आलं. इंजिन बंद, आणि खालून नवऱ्याचं घोरणं! त्या रडत ओरडायला लागल्या, "अहो, झोपलात काय! अहो, उठा!" आणि हा खाली पेटीपाशी बसलेला, बोबडी वळलेली, तोंडातून शब्द फुटेना. नुसतं हँडल मारत राहिला. सहाव्यांदा की सातव्यांदा इंजिन लागलं.

बोट वळली. कशी वळली ते देव जाणे. बंधाऱ्याच्या कडेपासून तीस-चाळीस हातांवर वळली आणि कालव्याच्या तोंडाच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळली. घड्याळजी वर धावला आणि भिंतीतल्या लोखंडी कडीत दोर अडकवला. चार गाठी मारल्या. भिंत दोन पुरुष उंच आणि शेवाळलेली, चढून जाणं शक्यच नव्हतं. मग तो बायकोच्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "झालं. सुटलो आपण. इकडे बघ माझ्याकडे."

वहिनींनी वळून पाहिलं नाही.

"मी आहे," तो म्हणाला. "दे तो दांडा. सोड आता."

त्यांनी सोडला नाही. कारण इंजिन बंद केल्यावरही खालून घोरणं ऐकू येतच होतं. एक नवरा मागे उभा राहून बोलतोय, एक खाली झोपलाय. त्यांनी काय समजावं? दोघंही तसेच राहिले, एक बसलेली, एक उभा. बरोबर चारला, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे चारला, खालचं घोरणं मधेच थांबलं. उजाडेपर्यंत वहिनींनी दांडा सोडला नाही आणि मान फिरवली नाही. सातला कालव्याचा फाटकवाला आला, त्याने शिडी लावली. त्याच्यासमोर, उन्हात, त्यांनी वळून नवऱ्याचं तोंड पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कपाळ, चष्मा, भिंग लावून लावून डोळ्याखाली पडलेला खड्डा. मग हात धरून वर चढल्या.

खाली केबिनमध्ये कुणी गेलं नाही. सामान फाटकवाल्याने काढून दिलं. बोट मी ट्रकवर घालून आणली. घड्याळजी म्हणाला, मोडून टाक. वहिनी म्हणाल्या, मोडू नका. का, ते सांगितलं नाही.

आता दोघं घरीच असतात, बाजारामागच्या दोन खोल्यांत. मी जातो अधूनमधून. बोलतात, चहा करतात, सगळं ठीक दिसतं. पण वहिनी रात्री झोपत नाहीत. दिवा लावून बसतात. आणि त्या झोपत नाहीत म्हणून घड्याळजीही झोपत नाही. बरोबर जागं राहायचं होतं ना... राहतात आता. एकदा माझ्यासमोर तो तिला कळवळून म्हणाला, "अगं, झालं ते झालं. तीन वर्षं झाली. मी बसतो ना जागा, तू जरा पड. मला दे पाळी."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता हो, जीव होता त्या पाहण्यात. पण म्हणाल्या, "आणि त्या रात्री केबिनमधून वर आलात ते तुम्हीच, कशावरून?"

मी तिथून निघालो ते तडक घरी आलो. रस्त्याने मागे वळून पाहिलं नाही.

जावईबापू, हसू आलं तर हसा. मलाही वाटायचं, म्हातारी माणसं, जागरण, घाबरली, बंधाऱ्याचा आवाज, होतात भास. तसं समजून मी बोट मागे उभी केली, दांडा काढून माळ्यावर टाकला आणि विसरून गेलो. या थंडीत मला पहाटे लवकर जाग येते. परवा, बुधवारी, चार वाजून काही मिनिटांनी मी कंदील घेऊन मागे गेलो होतो, ताडपत्री उडाली की काय बघायला. उडालीच होती. दव इतकं पडलं होतं की बोट सगळी भिजून चकाकत होती. कडा, छप्पर, पायऱ्या, सगळीकडे थेंब. मागे सुकाणूपाशी बसायची फळी आहे, तीही ओली. फक्त मधोमध, एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

मी हात ठेवून पाहिला.

उबदार होती.